कार्टून नेटवर्कवरचा जपानी राम

तुम्ही साधारण १९९० ते २००० या दशकात जन्मला असाल आणि घरी केबल असेल, तर हा सिनेमा तुम्ही नक्की पाहिलाय. नाव कदाचित आठवणार नाही. पण सुट्टीच्या दिवशी कार्टून नेटवर्क लावलं की मधेच ‘टॉम अँड जेरी’ गायब व्हायचे आणि रामायण सुरू व्हायचं, हे आठवेल. मोठ्या डोळ्यांचा, सडपातळ राम. डोंगराएवढा कुंभकर्ण. आणि अमरीश पुरींच्या आवाजात बोलणारा रावण.

त्या सिनेमाचं नाव ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’. तो जपानी आहे हे आम्हाला शाळेत असताना कुणी सांगितलं असतं, तर पटलं नसतं. राम जपानी कसा असेल? त्याला तर अरुण गोविलांचा आवाज होता. आजीने दूरदर्शनवर ज्याला पाहून हात जोडले, तोच हा आवाज. म्हणजे हा आपलाच.

२४ जानेवारी २०२५ रोजी हा सिनेमा फोर-के स्वरूपात भारतभर थिएटरात लागला, तेव्हा मी तो पुन्हा पाहायला गेले. नव्या हिंदी डबिंगमध्ये गोविल नव्हते, पुरीही नव्हते. पहिली दहा मिनिटं चुकीच्या घरात शिरल्यासारखं वाटत राहिलं. मग चित्रांनी ताबा घेतला. परत आल्यावर या सिनेमाचा जन्म कसा झाला ते वाचत गेले आणि लक्षात आलं, की आपण लहानपणी जे पाहत होतो ते जमिनीवर बसून, डबा खात, निर्धास्तपणे पाहिलं. त्या निर्धास्तपणाच्या मागे मात्र बरंच काही घडून गेलं होतं.

एक माहितीपट आणि एक निषेधपत्र

युगो साको (१९२८–२०१२) हे माहितीपट बनवणारे जपानी दिग्दर्शक. भारतात ते पुन्हा पुन्हा येत. १९८३ च्या सुमारास ते ‘रामायण रेलिक्स’ नावाचा माहितीपट करत होते. विषय होता पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी अलाहाबादजवळ केलेलं उत्खनन. त्या निमित्ताने साकोंनी रामकथा वाचायला घेतली. एक नाही, जपानी भाषेत मिळाली तितकी रूपं वाचली. आणि त्यांच्या डोक्यात आलं, की याचा ॲनिमेशनपट व्हायला हवा.

दरम्यान त्या माहितीपटाबद्दल एका वर्तमानपत्रात बातमी आली आणि तिचा भलताच अर्थ काढला गेला. कुणी परदेशी माणूस आपल्या मनाला येईल तसं रामायण पडद्यावर आणतोय, अशी समजूत झाली. विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतल्या जपानी वकिलातीकडे निषेधाचं पत्र पाठवलं. गैरसमज दूर झाल्यावर साकोंनी परिषदेसमोर आणि भारत सरकारसमोर आपली ॲनिमेशनची कल्पना मांडली. सरकारने सुरुवातीला संयुक्त निर्मितीची तयारी दाखवली, पुढे माघार घेतली. विषय नाजूक आहे, रामायणाचं कार्टून करणं बरं नव्हे, असा एकूण सूर होता.

साकोंची बाजू याच्या बरोबर उलटी होती. राम देव आहे, म्हणूनच त्याला नटाऐवजी चित्रातून दाखवणं योग्य, असं ते म्हणत. विचार करून पाहिलं तर यात तथ्य आहे. नट उद्या दुसऱ्या सिनेमात सिगरेट ओढताना दिसतो, परवा निवडणुकीला उभा राहतो. चित्रातल्या रामाला रामाशिवाय दुसरं आयुष्यच नसतं.

चित्रातला राम नवा होता का?

‘कार्टून’ या शब्दाने त्या वेळी लोक बिचकले. पण चित्रं एकामागून एक दाखवत रामकथा सांगायची, हा प्रकार आपल्याकडे जपान्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी सादर करतो. कागदावर रंगवलेल्या चित्रांची एक पोथी असते. कलाकार समोर एक चित्र धरतो, त्याची कथा गातो, ते संपलं की पुढचं धरतो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलांच्या जतनासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीची जुनी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही पाहायला मिळतात.

सिनेमाचंही तसंच. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच माणसाने केल्या होत्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक चपला काढून ठेवत, अशी आठवण सांगतात. त्याच फाळक्यांनी आगकाड्या एकेक करून सरकवत, प्रत्येक वेळी एक चित्र टिपत, ‘आगकाड्यांची मौज’ हा चलत्चित्राचा खेळही केला होता. म्हणजे रामकथा आणि ॲनिमेशन, दोन्ही गोष्टी एकाच मराठी माणसाच्या हातून शंभर वर्षांपूर्वी होऊन गेल्या होत्या. फक्त त्या एकत्र आल्या नव्हत्या.

त्या एकत्र आल्या तेव्हा त्यातला एक धागा मुंबईतूनच गेला. साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर या सिनेमाचे तिसरे दिग्दर्शक होते राम मोहन. तमिळनाडूत जन्मलेले राम मोहन १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात दाखल झाले. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तेव्हा तिथे भारतीय मुलांना शिकवायला आले होते. राम मोहन त्यांच्याकडे शिकले. पुढे त्यांनी १९७२ मध्ये स्वतःची संस्था काढली. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तला ॲनिमेशनचा भाग त्यांचा. युनिसेफची ‘मीना’ आठवते? शाळेत जायला मिळावं म्हणून धडपडणारी, खांद्यावर पोपट असलेली? तीही त्यांचीच. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते गेले. आपल्या बालपणाचा इतका मोठा भाग ज्याने रेखाटला, त्या माणसाचं नाव आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

एक लाख चित्रं

निर्मितीचं काम १९९० मध्ये सुरू झालं. सरकारचा हात सुटला होता, त्यामुळे काम जपानमध्ये, जपानी कंपनी काढून करावं लागलं. सुमारे साडेचारशे कलाकार त्यावर बसले.

आज आपण फोनवर एक फिल्टर लावून स्वतःचं ॲनिमे रूप बघतो, म्हणून हे काम काय होतं ते थोडं समजून घ्यायला हवं. तेव्हा प्रत्येक हालचाल ‘सेल’वर व्हायची. सेल म्हणजे पारदर्शक पातळ पत्रा. त्यावर पात्राची रेघ काढायची, उलट्या बाजूने रंग भरायचा, वेगळ्या रंगवलेल्या पार्श्वभूमीवर तो ठेवायचा आणि कॅमेऱ्याने एक फोटो घ्यायचा. मग पुढचा सेल. सिनेमा सेकंदाला २४ चौकटी पळतो. हा सिनेमा साधारण १३५ मिनिटांचा. हिशोब केला तर १ लाख ९४ हजारांवर चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी ९७ हजार चित्रं लागतात. या सिनेमासाठी हाताने काढलेले जवळपास एक लाख सेल लागले असं सांगतात, तो आकडा इथे बरोबर बसतो.

अडचण नुसती संख्येची नव्हती. जपानी चित्रकाराला धोतराची गाठ कुठे येते हे माहीत नव्हतं. धोतर नेसलेला माणूस धावतो तेव्हा कापड कसं हलतं? पाया पडणाऱ्या मुलाच्या डोक्यावर थोरांचा हात कसा येतो? हे सगळं भारतीय ॲनिमेटर समजावून देत. पुन्हा पाहताना माझी नजर याच जागांवर जात होती. वनवासाला निघालेला राम वाकतो त्यात किमोनोतल्या माणसाचं वाकणं दिसत नाही, हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी तिथे उभं राहून करून दाखवलं होतं.

संगीत वनराज भाटियांचं. मूळ सिनेमा इंग्रजीत होता आणि गाणी संस्कृतमध्ये. जपानी चित्रं, इंग्रजी संवाद, संस्कृत गाणी, मुंबईचे संगीतकार. हे कागदावर वाचलं तर कुणीही म्हणेल, हे जुळणार नाही. आणि तरी आठ वर्षांच्या मुलीला ते सगळं एकाच घरातलं वाटलं होतं.

१० जानेवारी १९९३

या सगळ्या वर्षांच्या बाजूला दुसऱ्या वर्षांची यादी ठेवून बघा. साकोंची कल्पना मांडणं चालू होतं त्या काळात, १९८६ मध्ये, अयोध्येतलं कुलूप उघडलं गेलं. १९८७ मध्ये रामानंद सागरांची मालिका आली आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. १९९० मध्ये जपानमध्ये सेल रंगवायला घेतले, त्याच वर्षी सोमनाथहून रथयात्रा निघाली. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली.

आणि १० जानेवारी १९९३ रोजी दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या सिनेमाचा पहिला खेळ झाला.

त्या दिवशी मुंबईत दंगलीचा दुसरा टप्पा चालू होता. डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत ९०० माणसं मारली गेली, असं श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. राम मोहन ज्या शहरात शिकले, काम करत राहिले, ते शहर जळत असताना दिल्लीत पडद्यावर राम धनुष्य उचलत होता. हे मी वाचलं तेव्हा फोन खाली ठेवला. आमच्या घरी दंगलीविषयी बोलणं व्हायचं, पण तुटक. ‘तेव्हा’ असा एकच शब्द वापरून मोठी माणसं पुढे जात. त्या ‘तेव्हा’च्या आत हा सिनेमाही होता, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

त्या काळात तो थिएटरांत नीटसा पोहोचलाच नाही. अमेरिकेत २००० नंतर ‘प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने वेगळी आवृत्ती आली, तिच्यात जेम्स अर्ल जोन्स निवेदक होते आणि रामाला आवाज होता ब्रायन क्रॅन्स्टनचा. होय, ‘ब्रेकिंग बॅड’वाले. भारतात मात्र त्याला खरं घर मिळालं ते टीव्हीवर. मोठ्यांनी आधी हरकत घेतली, मग अंग काढून घेतलं, मग ते विसरले. मुलांनी त्याला ठेवून घेतलं.

पुन्हा पाहताना

लहानपणचा सिनेमा पुन्हा पाहणं धोक्याचं असतं. काही गोष्टी छोट्या वाटतात. सीता इथे फारशी बोलत नाही, वाट पाहते, हे आता टोचतं. उत्तरकांड नाही. सीतेला पुन्हा वनात जावं लागलं, लव-कुश, धरणीच्या पोटात जाणं, यातलं काही नाही. आम्ही मैत्रिणी कॉलेजात गेल्यावर हा भाग वाचून रागावलो होतो, कारण आमचं रामायण विजयावर संपलं होतं.

पण काही गोष्टी मोठ्याही वाटल्या. हा राम कुणावर ओरडत नाही. त्याच्या अंगावर व्यायामशाळेतले स्नायू नाहीत. गाड्यांच्या मागच्या काचेवर, मंडळांच्या बॅनरवर दिसणाऱ्या रामाशेजारी त्याला उभं केलं तर तो धाकटा भाऊ वाटेल.

२०२५ मध्ये सिनेमा पुन्हा आला तेव्हा हवा बदललेली होती. अयोध्येत मंदिराची प्राणप्रतिष्ठा होऊन एक वर्ष झालं होतं. ज्या कल्पनेपासून एकेकाळी सरकार दूर झालं होतं, तीच आता भारत-जपान मैत्रीची खूण म्हणून मिरवली गेली. १९९३ मध्ये काळ त्याच्या विरुद्ध होता, २०२५ मध्ये बाजूने. दोन्ही वेळा त्याचं काय व्हायचं ते काळाने ठरवलं. सिनेमातली एक रेघही मधल्या काळात बदलली नव्हती.

मधली वर्षं फक्त आपली होती. १९९३ नाही, २०२५ नाही. दुपारची वेळ, पंख्याचा आवाज, ‘हे पुन्हा लागलं’ म्हणणारी आई, आणि चॅनल बदलू न देणारे आपण. त्या वर्षांत या रामाला कुठलीच बाजू नव्हती. ते निरागस होतं, असं म्हणायचा मोह होतो. पण आपण निरागस होतो कारण बाहेर काय घडून गेलं ते आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. माहीत नसणं आणि निरागस असणं यात फरक आहे, हे मला आता कळतंय.

म्हणून मी हा सिनेमा आता भाच्यांना दाखवणार आहे. तो संपला की त्यांना पिंगुळीच्या चित्रकथीचे व्हिडिओ दाखवेन, फाळक्यांच्या आगकाड्यांची गोष्ट सांगेन. आणि ती दोघं थोडी मोठी झाली की १० जानेवारी १९९३ ही तारीखही सांगेन. ‘तेव्हा’ म्हणून पुढे जाणार नाही.