मोटारीच्या ठिणगीचा इतिहास

बंद पडलेलें यंत्र आणि मोडीत निघालेलें यंत्र यांत महदंतर आहे. परंतु व्यवहारांत हा भेद पाहण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाहीं. मुंबईच्या खाडीपलीकडील सानपाड्याचेंच उदाहरण घ्यावें. आगरी-कोळ्यांचें हें जुनें गांव १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेल्या नव्या शहरांत सामावून गेलें. १९७३ सालीं खाडीवर पूल झाला, १९९२ सालीं वाशीपर्यंत आगगाडी आली, आणि मुंबईंतील मध्यमवर्गीय कुटुंबें इकडे राहावयास येऊं लागलीं. कित्येकांच्या संसाराबरोबर प्रीमियर पद्मिनी गाडीही पूल ओलांडून आली. पुढें नवी गाडी आली, वडील थकले, मुलें परदेशीं गेलीं, आणि जुनी गाडी इमारतीच्या आवारांत कापडाखालीं उभी राहिली. खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनीं आपलें काम केलें. एके दिवशीं कोणी किल्ली फिरवून पाहिली, गाडी हूं कीं चूं करीना, आणि ती मेली असें सर्वांनीं गृहीत धरलें.

परंतु अशा पुष्कळ गाड्यांचें लोखंड शाबूत असतें. त्यांची फक्त ठिणगी विझलेली असते. ती घरच्या घरीं पुन्हां चेतवितां येते, आणि चेतविणाऱ्याच्या हातून नकळत विज्ञानाच्या ऐंशी वर्षांच्या इतिहासाची उजळणी होते. तो इतिहास मोठा मनोरंजक आहे.

पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण नळकांड्यांत दट्ट्यानें दाबलें गेलें, कीं नेमक्या क्षणीं त्यांत ठिणगी पडावी लागते. बॅटरीजवळ असतात अवघे १२ व्होल्ट. प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडावयास मात्र हजारों व्होल्ट लागतात. हा चमत्कार घडतो कसा? त्याचें बीज १८३१ सालीं फॅरडेनें लावलेल्या शोधांत आहे. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतून वाहणारा प्रवाह एकाएकीं तोडला, तर त्याच गाभ्यावरील बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत प्रचंड विद्युद्दाब उत्पन्न होतो. पॅरिसमध्यें यंत्रें बनविणाऱ्या रुमकॉर्फ नामक जर्मन कारागिरानें १८५१ च्या सुमारास या तत्त्वावर उत्तम वेटोळें तयार केलें. पण प्रवाह तोडतांना तोडण्याच्या जागींच ठिणगी उडे आणि शक्ति वायां जाई. १८५३ सालीं फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानें तेथें कंडेन्सर जोडून ती अडचण दूर केली. १८६० सालीं लेन्वारनें आपल्या वायूच्या इंजिनांत विजेची ठिणगी वापरली. पुढें डेमलरनें तापविलेल्या नळीवर भिस्त ठेविली, तर बेन्झनें १८८५ च्या आपल्या तीनचाकी गाडीस बॅटरी व वेटोळें जोडलें. बॉशच्या कारखान्यांत होनोल्ड यानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. अखेरीस अमेरिकेंत केटरिंग यानें बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची सुटसुटीत मांडणी केली, आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ती दिसूं लागली.

हीच मांडणी पुढें कुर्ल्यास पोंचली. हिंदुस्थानांत मोटारी तयार व्हाव्या अशी योजना विश्वेश्वरय्यांनीं महायुद्धापूर्वींच आंखली होती. ती तडीस नेण्याचा ध्यास सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं घेतला, आणि १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लरशीं व नंतर इटलीच्या फियाटशीं करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९६४ सालीं तेथें निघूं लागलेल्या फियाट गाडीसच १९७४ पासून पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हें समीकरण कित्येक दशकें टिकलें. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरतांच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर नाक्यानाक्यावरील त्या कारागिरांची गरजही ओसरली, ज्यांना इंजिनाच्या आवाजावरूनच पॉइंट बिघडल्याचें कळत असे. खरा तोटा येथें आहे. गाडी संग्रहालयांत ठेवतां येते. हातांतील विद्या मात्र वापरली नाहीं तर एका पिढींत जाते.

आतां ती विद्या पाहूं. प्रथम बॅटरीची तार सोडून प्लग काढावे, नळकांड्यांत थोडें तेल सोडावें आणि इंजिन हातानें फिरतें कीं नाहीं तें पाहावें. तें फिरलें तर निम्मी लढाई जिंकली. मग डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उघडावें. त्यास बारीक तडा असेल, तर दमट हवेंत वीज त्या तड्यांतूनच पळते. असें झांकण बदलावें. पॉइंटांवर गंज किंवा काजळी असेल तर ती बारीक पॉलिश कागदानें घांसून पुसावी. ते फार जळलेले दिसले तर फिझोची ती छोटी डबी, म्हणजे कंडेन्सर, निकामी झाला असें समजावें. नवीन पॉइंट व कंडेन्सर जोडीनेंच बसवावे. पॉइंट पूर्ण उघडले असतां त्यांतील फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् कमी असावी, व ती फिलर गेजनेंच मोजावी. फट फार लहान असेल तर पॉइंट जळतात. फार मोठी असेल तर कॉइलला भरावयास वेळ पुरत नाहीं. हा वेळ किती थोडा असतो, याचा अंदाज एका हिशेबावरून येईल: इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असतां चार नळकांड्यांस मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात.

प्लगच्या तारांचें वेष्टन उंदरांनीं कुरतडलेलें असेल तर त्या नव्या घ्याव्या आणि १-३-४-२ याच क्रमानें जोडाव्या. ठिणगीची वेळ साधण्याची जुनी युक्तीही सुंदर आहे. पॉइंटांची तार व गाडीचें लोखंड यांमध्यें १२ व्होल्टचा लहान दिवा जोडून किल्ली चालू करावी, आणि डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवावा. पॉइंट उघडतांक्षणीं दिवा लागतो. पहिल्या नळकांड्याच्या खुणेवर तो लागला, कीं वेळ जुळली. ठिणगीची परीक्षा करतांना जवळ उघडें पेट्रोल नसावें, व तार उघड्या हातानें धरूं नये.

टांकींतील जुनें पेट्रोल काढून टाकल्यावर इंजिन बहुधा बोलूं लागतें. रस्त्यावर नेण्यापूर्वीं ब्रेक, टायर आणि नोंदणीचें नूतनीकरण यांची चौकशी अर्थातच व्हावयास हवी.

आजच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक ठिणगी अधिक विश्वासू आहे, तिला महिनोन्महिने हात लावावा लागत नाहीं आणि तिनें इंधन वांचतें, हें मान्य केलेंच पाहिजे. पण ती बंद पेटींत वसते. बिघडली म्हणजे पेटी बदलावयाची, कारण विचारावयाचें नाहीं. जुन्या डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढतांच मात्र कारण व कार्य समोरासमोर दिसतात, आणि शाळेंत पाठ केलेला फॅरडे प्रथमच समजतो. ज्यांच्या दारीं अशी गाडी उभी असेल त्यांनीं भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वीं एक रविवार तिला द्यावा, आणि घरांतील मुलांस दिवा धरावयास जवळ बसवावें.