तंबूचा तणावा आणि परतीचा पाऊस

'तणाव' हा शब्द आज आपण मनाच्या ओढाताणीसाठी वापरतो. जुन्या मराठीत मात्र 'तणावा' म्हणजे तंबूचा दोर. मेख, तणावा आणि मेख ठोकायचा मेखचू ही तंबूची खरी हत्यारे. कापड सगळ्यांना दिसते, म्हणून तंबूचे कौतुक होते ते कापडाचे. पण वादळात तंबू टिकतो तो दोरामुळे आणि मेखेमुळे. त्याहीपेक्षा तो ज्या जागेवर उभा केला त्या जागेमुळे. इतिहास शिकवताना मला हे पुस्तकांत सापडले खरे, पण त्याच्या आधी ते मी आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या चिखलात शिकलो होतो.

आधी पुस्तकातली गोष्ट सांगतो. शिवाजी महाराजांच्या फौजेचा शिरस्ता असा, की पावसाळ्यात छावणीला परतायचे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे. आपण यात धार्मिक मुहूर्त पाहतो. पण त्यामागे शेतकऱ्याचा हिशेबही होता. पावसात घोड्याला चिखल बाधतो, नद्या उतार देत नाहीत आणि राहुटी ओली झाली की तिचे वजन जनावराला पेलत नाही.

मोगलांचा थाट वेगळा होता. अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त बादशाही छावणीचे सविस्तर वर्णन केले आहे. सर्वांत मोठा दरबारी तंबू उभारायला हजार फर्राश आठवडाभर खपत, असे तो लिहितो. सगळे सामान दोन संचांत असे. एका संचात बादशहा मुक्काम करी, तर दुसरा पुढच्या मुक्कामावर आधीच रवाना होई. जागा निवडण्यासाठी 'मीर मंझिल' नावाचा स्वतंत्र अधिकारी होता. म्हणजे तंबू कुठे ठोकायचा हा प्रश्न बादशाहीत एवढा महत्त्वाचा मानला जाई.

तरीही घात झालाच. 1700 साली औरंगजेबाने साताऱ्याचा अजिंक्यतारा घेतला, मग परळीचा सज्जनगड घेतला आणि ऐन पावसाळ्यात लष्कर माघारी वळवले. शेवटी मुक्काम पडला माण नदीवर खवासपूरला. हे गाव आजच्या सांगोला तालुक्यात, आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे. छावणी नदीच्या काठांवर आणि कोरड्या पात्रातही पसरली होती. ऑक्टोबरातल्या एका रात्री वरच्या डोंगरांत अवेळी पाऊस कोसळला आणि झोपलेल्या छावणीत पाणी घुसले. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. मराठ्यांनी हल्ला केला की काय, अशा समजुतीने औरंगजेब घाईने उठला, अडखळला आणि त्याचा गुडघा निखळला. तो पुढे कायमचा लंगडत राहिला. हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा, असे म्हणून खुशमस्कऱ्यांनी त्याची समजूत घातली. ज्या बादशहाला मराठ्यांच्या फौजा वीस वर्षांत हरवू शकल्या नाहीत, त्याला एका कोरड्या दिसणाऱ्या नदीने एका रात्रीत लंगडे केले.

आता माझी गोष्ट. 1993 च्या सप्टेंबरची 29 तारीख ही अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे क्षणात ढिगारे झाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. आम्ही पंधरा-वीस मुले मदतीला सास्तूरच्या बाजूला गेलो. आमच्याकडे काम आले तंबू उभारायचे.

तंबू कसा ठोकायचा हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. विचारावे असेही कुणाला वाटले नाही. ओढ्याशेजारी छान सपाट जागा दिसली, तिथे आम्ही चार तंबू उभे केले. ऊन होते. दोर तारेसारखे ताणले, मेखा सरळ उभ्या ठोकल्या आणि पश्चिमेचा वारा नको म्हणून दारे पूर्वेला ठेवली. संध्याकाळी त्यांत वाचलेली कुटुंबे राहायला आली.

रात्री पाऊस आला, तो पूर्वेकडून. वारा थेट दारातून आत शिरला आणि दोन तंबू आतल्या माणसांसह खाली बसले. भिजलेले जाड कापड अंगावर पडले तेव्हा आतून जो आक्रोश उठला तो मी अजून विसरलेलो नाही. दोन दिवसांपूर्वी ज्यांच्या अंगावर घर पडले होते, त्यांच्यावर आम्ही पुन्हा छप्पर पाडले होते. कुणाला इजा झाली नाही, पण त्यात आमचे काही कर्तृत्व नव्हते.

सकाळी एक म्हातारी आमच्याकडे बघत उभी राहिली. आयुष्यभर पालात राहिलेली, गावोगाव फिरणारी बाई. ती म्हणाली, "लेकरा, खुटी सरळ मारली की सरळच वर येती. तिचं डोकं पालापास्नं भायेर वाकव."

मी विचारले, "आजी, दोर तर आम्ही घट्ट बांधले होते."

"म्हनूनच पडलं की. सुताचा दोर भिजला की आखूड हुतो. पाऊस दिसला की आदी दोर ढिला करावा."

मग तिने आम्हाला कामाला लावले. काळी जमीन भिजली की लोण्यासारखी होते, तिच्यात मेख धरत नाही. म्हणून तिने दोराला मोठे धोंडे बांधून ते हातभर खोल पुरायला लावले. तंबू ओढ्यापासून उचलून मुरमाड उंचवट्यावर नेले. भोवती चर खणून त्याला उताराकडे वाट काढून दिली. तंबूची अरुंद बाजू तिने वाऱ्याकडे केली. भिजलेल्या कापडाला आतून हात लावायचा नाही, नाहीतर तिथूनच गळते, हेही तिनेच सांगितले. दारांबद्दल ती म्हणाली, "श्रावनातला वारा निराळा, आताचा निराळा." हवामानशास्त्र तेच सांगते. पावसाळाभर वारा पश्चिमेचा असतो. मोसमी पाऊस परतू लागला की वारा फिरतो आणि दुपारनंतर पूर्वेकडून ढग चढतात. आम्ही जुलैच्या वाऱ्यासाठी ऑक्टोबरात तंबू बांधला होता. त्या रात्री पुन्हा पाऊस आला. तंबू हलले, पण पडले नाहीत.

पुढे खवासपूरची हकीकत वाचली तेव्हा मला ती आजी आठवली. बादशहाकडे हजार फर्राश होते, मीर मंझिल होता. आजीकडे एक फाटके पाल होते. पण पाऊस परतताना काय करतो हे तिला ठाऊक होते, कारण चुकीची किंमत तिला स्वतःला मोजावी लागत होती. चुकीची किंमत दुसऱ्याने मोजायची असली की माणूस निष्काळजी होतो. आम्ही तसेच झालो होतो.

आज नायलॉनचे तंबू आले. नायलॉनचा दोर सुताच्या उलट वागतो, भिजला की सैल पडतो, म्हणून तो पुन्हा ओढावा लागतो. सामान बदलले, पण ओढा, काळी माती आणि परतीचा पाऊस तेच आहेत. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने जे केले ते आपण पाहिलेच. येडशीच्या रामलिंगला मुलांना घेऊन मुक्कामाला जाल किंवा नवरात्रात तुळजापूरला पायी येणाऱ्या भाविकांसाठी मांडव घालाल, तेव्हा कापड किती भारी आहे ते मागाहून बघा. आधी विचारा, पाणी कुठून येईल आणि वारा कुठून फिरेल. आणि हे सांगणारे माणूस जवळच्या पालात बसलेले असेल, तर त्यालाही विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)