चुना, राख आणि ऊन

सह्याद्रीच्या पूर्वेकडील घराचे वैर धुळीशी असते, तर पश्चिमेकडील घराचे ओलीशी. देशावर केरसुणी फिरली की घर स्वच्छ झाले. कोकणात मात्र झाडून लख्ख केलेल्या घरातही आषाढ-श्रावणात पेटाऱ्यातील लुगड्यांवर आणि पोथ्यांच्या पुठ्ठ्यांवर बुरशीचा थर चढतो. रत्नागिरीच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा प्रदेशात स्वच्छता म्हणजे प्रथम घर कोरडे राखणे. कोकणातील जुनी गृहव्यवस्था या एका सूत्राभोवती उभी होती. ते सूत्र हातून सुटले तेव्हा काय घडले, याचाही इतिहास आहे.

ही व्यवस्था पंचांगाशी बांधलेली असे. वैशाखात कौले चाळून घेत, सरपण आडोशाला रचीत, अंथरुणे उन्हात तापवीत. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून पडवीला विणलेल्या झावळ्यांचे आडोसे बांधीत. दसरा उलटला की अंगण चोपून सारवीत आणि दिवाळीपूर्वी भिंतींना चुन्याचा हात देत. लक्ष्मीपूजनाला केरसुणीचीही पूजा होई. घर स्वच्छ ठेवणाऱ्या साधनाला देवत्व देणारा हा समाज स्वच्छतेस केवळ कष्टाचे काम मानीत नव्हता.

या साधनांमागे शास्त्र होते, जरी ते त्या नावाने ओळखले जात नसे. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत. विरविलेला ताजा चुना अत्यंत क्षारधर्मी असतो, त्यामुळे त्यावर बुरशीला सहसा थारा मिळत नाही. शिवाय चुन्याचा थर भिंतीतील ओल कोंडून न ठेवता बाहेर जाऊ देतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हा चुना पुन्हा चुनखडीरूप होतो आणि त्याचा तिखटपणा ओसरतो. म्हणूनच दर वर्षी नवा हात द्यावा लागे. लाकडाच्या राखेतील क्षार भांड्यांचा ओशटपणा काढीत, आमसुलाच्या आंबटपणाने पितळ उजळे, रिठ्याचा फेस रेशमी वस्त्रांना जपे. यांपैकी कशानेही माती नासत नसे. मोरीचे सांडपाणी सरळ परसातील केळी-अळवाच्या मुळाशी जाई.

गिरण्यांच्या निमित्ताने कोकणातील हजारो माणसे मुंबईस आली. तेथेही हवा तशीच दमट होती, पण परसू नव्हते, अंगण नव्हते आणि चाळींतील कित्येक खोल्यांना ऊनवाराही नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि शहर हादरले. रोग घाणीतून उपजतो, या समजुतीने सरकारने स्वच्छतेची मोहीम उघडली. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी शस्त्रक्रियेसाठी पुरस्कारिलेले कार्बॉलिक आम्ल आता गटारांत आणि घरांत ओतले जाऊ लागले. भिंतींवर चुना चढला, उजेड आत यावा म्हणून छपरे उघडण्यात आली. साधने काही नवी, काही जुनी होती. मात्र जो चुना गृहिणी दिवाळीला उत्साहाने लावी, तोच आता शिपायाच्या पहाऱ्यात लागत होता. पुण्यात १८९७ साली घरझडतीच्या जुलमाने लोकांचा संताप इतका वाढला की, २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

एवढे करूनही प्लेग हटला नाही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे प्रयोगाने दाखविले. शत्रू कोण हे न ओळखता ओतलेले औषध बहुतांशी वाया गेले होते. तथापि त्या संकटातून १८९८ साली मुंबईची नगरसुधारणा समिती जन्मास आली आणि घराला हवा व उजेड हवा, हा विचार नगररचनेत रुजला.

औषधाने घर शुद्ध होते, ही श्रद्धा मात्र मागे उरली. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली गेली. तिने असंख्य प्राण वाचविले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण मातीच्या भिंती ती शोषून घेत, नव्या सारवणाखाली ती झाकली जाई आणि पुढे डासही तिला दाद देईनासे झाले. १९६२ साली रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथाने अशा द्रव्यांचा निसर्गावर होणारा परिणाम जगापुढे मांडला.

म्हणून जुने ते सारे निर्दोष होते, असे मानणेही योग्य नव्हे. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. बाळंतिणीच्या खोलीत त्याचा धोका मोठा. चुलीच्या धुराने कौलाखालचे वासे किडीपासून वाचत, पण त्याच धुराने बायकांची फुप्फुसे झिजत. सारवण, चोपण, घासण यांचा सारा भार स्त्रियांच्या कंबरेवर होता. त्या कष्टांकडे परत जा, असे कोणी कोणास सांगू नये.

घ्यायचे ते सूत्र. आजच्या दमट शहरांतील घरांत भिंतींना ओल धरून ठेवणारे रंग असतात, खिडक्या मिटलेल्या असतात आणि काळ्या डागांवर तीव्र द्रावणे ओतली जातात. डाग जातो, ओल राहते. महिन्याभरात डाग परत येतो. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने ओल व बुरशी यांविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेचा भरही मुळात ओलच रोखण्यावर आहे. पावसाळ्यापूर्वी गळती बुजविणारा, भिंतीला श्वास घेऊ देणारा आणि उघडीप मिळताच अंथरूण उन्हात टाकणारा कोकणी संसार हेच सूत्र पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आला होता.