शिडाचा दांडा

कुंडलहून समुद्र दूर, मध्ये सह्याद्री उभा. पण मापाचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. नांगराचे जू आखूड, कोळप्याचे लांब. माप चुकले की बैल पिकावर चालतात. शिडाच्या नौकेचेही तसेच आहे.

आंग्र्यांच्या गलबतांची शिडे लांब तिरप्या काठीला बांधलेली असत. पुढे 1860 च्या दशकात इंग्लंडात शर्यतीच्या नौकांवर फुग्यासारखे हलके शीड आले. त्याचे नाव स्पिनेकर. वारा पाठीमागून आला म्हणजे ते नौकेच्या पुढे फुगते. त्याचे एक टोक बाहेर धरून ठेवायला डोलकाठीपासून दांडा लावतात.

हा दांडा किती लांब असावा? डोलकाठीपासून पुढचा ताणदोर नौकेला जिथे बांधलेला असतो, तिथपर्यंतचे अंतर मोजायचे, साधारण तेवढाच. आखूड झाला, तर हे शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला जाऊन ढिले पडते. लांब झाला, तर बाजू बदलताना ताणदोरात अडकतो. आता कोणी म्हणेल, थोडा लांब ठेवला तर वेग वाढेल ना? वाढेल खरा, म्हणूनच तर शर्यतीच्या नियमांनी लांब दांड्यावर दंड बसवला!

आणि नौकेवर माणूस एकटाच असला तर? गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासात मदतीला दुसरा हात नसतो. बेमाप सामान म्हणजे जिवाशी गाठ.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात. दर्यावर नौका पाहून दांडा करावा.