बिनकुलपाची शाखा

आम्ही बँकेतली माणसं. झोपेतसुद्धा उशाखालच्या किल्ल्या चाचपणारी. त्यामुळे नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर म्हणजे आमच्या पेशाला लागलेलं ग्रहणच! पिढ्यान्‌पिढ्या घरांना दारं नाहीत, कडीकोयंडा नाही. कुत्रंबित्रं शिरू नये म्हणून फार तर एक फळी टेकवायची. चोराचं काय ते शनिदेव बघून घेतील, असा सरळ हिशेब.

अशा गावात जानेवारी २०११मध्ये युको बँकेनं शाखा उघडली. बिनकुलपाची! काचेचं दार, आणि त्याला सहसा नजरेस न पडणारं, रिमोटवर चालणारं विजेच्या चुंबकाचं कुलूप. देवाचाही मान राहिला आणि हेड ऑफिसचाही. अशी नोंद फक्त बँकवालाच टाकू जाणे.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१०मध्ये, बाहेरगावच्या एका भाविकानं तक्रार दिली होती. रोकड धरून ३५,००० रुपयांचा ऐवज गेला म्हणे. कुठून? तर दार नसलेल्या घरातून नव्हे, चांगली चार दारं असलेल्या गाडीतून! पुढे सप्टेंबर २०१५मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं.

आमची ही शनिदेवाची मोठी भक्त. दर्शनाच्या रांगेत हात जोडून, डोळे मिटून उभी असते आणि तशीच मला विचारते, "अहो, गाडी नीट लॉक केलीत ना?"