वडूजची कचेरी आणि पंधरा दिवसांची मुदत

१/ सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, येरळा नदीच्या काठी वसलेले वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील मामलेदार कचेरीवर तिरंगा फडकवण्यासाठी मोर्चा आला. पोलिसांनी गोळीबार केला. वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. ही कथा अनेकांना ठाऊक आहे. आज पाहायची आहे तिच्या नंतरची, फारशी न सांगितली गेलेली कथा. सदतीस वर्षांनी याच तालुका कचेरीला एका भूमिहीन मजुराच्या अर्जाला ठरावीक मुदतीत काम देणे कायद्याने बंधनकारक झाले. ते कसे घडले?

२/ आधी क्षणभर लंडनला जाऊ. वडूजच्या गोळीबारानंतर तीन महिन्यांनी, डिसेंबर १९४२ मध्ये, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरील अहवाल तेथे प्रसिद्ध झाला. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापावी, मालकाने व सरकारने आपापला वाटा घालावा आणि बेकारी, आजार, वार्धक्य आले की त्याला हक्काने भत्ता मिळावा, अशी ती कल्पना. युरोपातील कल्याणकारी राज्याची उभारणी पुष्कळ अंशी या विचारावर झाली.

३/ पण ही कल्पना जशीच्या तशी खटाव-माणच्या माळावर आणता येईना. येथील मजूर आज एकाच्या रानात भांगलायला, उद्या दुसऱ्याच्या रानात काढणीला. त्याला पगारपत्रक नाही आणि वर्गणी भरणारा एक मालकही नाही. पाऊस हुकला की सगळ्याच मालकांची रिकामी रानं एकाच वेळी उघडी पडतात. अशा माणसाची सामाजिक सुरक्षा कोणत्या कार्यालयाने, कोणत्या खिडकीतून द्यायची? या प्रश्नाचे एक उत्तर पुढे याच पट्ट्यातून निघाले.

४/ त्याआधीचे उत्तर होते सरकारी दुष्काळी काम. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात ब्रिटिश सरकारने मुंबई इलाख्यात अशी कामे काढली. म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव हा त्याच काळातला. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ मध्ये मजुरीत कपात केली. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा! गरजू नसलेल्याने येऊ नये म्हणून काम मुद्दाम घरापासून लांब दिले जाई. हजारो मजुरांनी कामे सोडून याचा निषेध केला. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांची पुण्याची सार्वजनिक सभा मजुरांच्या पाठीशी उभी राहिली.

५/ पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. कामे कधी काढावीत, मजुरी किती असावी, देखरेख कोणी ठेवावी याचे नियम त्यांत आले. ही प्रगती होतीच. पण एक गोष्ट बदलली नाही. दुष्काळ आहे की नाही, हे ठरवणार सरकार. आधी आणेवारी, मग अहवाल, मग घोषणा आणि त्यानंतर काम. उपाशी माणसाने ‘मला काम द्या’ असे लिहून द्यावे आणि कचेरीने त्याला बांधील व्हावे, अशी तरतूद त्या व्यवस्थेत नव्हती. काम ही सरकारची कृपा होती.

६/ स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आला. मात्र ते कलम मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. म्हणजे राज्याने त्या दिशेने जावे, पण ‘मला काम दिले नाही’ म्हणून त्याच्या आधारावर न्यायालयात दाद मागता येत नाही. हे अंतर भरून काढण्याचा ध्यास घेणारे गृहस्थ सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याच्या विसापूरचे होते: विठ्ठल सखाराम पागे.

७/ वि. स. पागे हे गांधीवादी आणि सर्वोदयी विचारांचे कार्यकर्ते. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचा विचार साधा होता. गावात हात रिकामे आहेत आणि गावातच बांध, ताली, विहिरी, रस्ते यांची कामे पडून आहेत. या दोहोंची गाठ घालण्याची हमी राज्याने घ्यावी. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात या विचाराचा प्रायोगिक आरंभ झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तो उचलून धरला. लोक तिला ‘पागे योजना’ म्हणू लागले.

८/ मग १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ च्या सुमारास राज्यभर जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बाया, उन्हात झोळीत निजवलेली मुले, वाटली जाणारी सुकडी, परदेशातून आलेला मिलो, हे सारे आजही घराघरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. इतक्या प्रचंड प्रमाणात कामे चालवण्याचा अनुभव यंत्रणेला आला. मजुरांनाही एक गोष्ट उमगली: सरकारने मनावर घेतले तर काम निघते. मग ते फक्त आपत्तीतच का निघावे?

९/ पण हमी द्यायची तर पैसा हवा, आणि तो दरवर्षी, न चुकता हवा. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून येणारा हा कर रोजगार हमीसाठी राखून ठेवला गेला. सोबत इतर काही करांवरील अधिभार, आणि जमा होईल तितकीच भर राज्याच्या तिजोरीतून. शहराने गावाच्या कामाचा भार उचलायचा, असा हा उघड, कागदावर मांडलेला करार होता.

१०/ १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा एकमताने संमत केला. त्या वेळी मुख्यमंत्री होते सांगलीचे वसंतदादा पाटील. कायद्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला. काळही ध्यानात घ्या: आणीबाणी नुकतीच उठली होती आणि नागरिकाचे हक्क म्हणजे काय, याची चर्चा देशभर चालू होती. ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देणे आता राज्याचे कायदेशीर कर्तव्य ठरले. दुष्काळ जाहीर होण्याची अट उरली नाही.

११/ आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. मजुराने गावातच नाव नोंदवायचे. मग कामाची लेखी मागणी करायची. अर्ज दिला की तारीख पडली, आणि तारीख पडली की पंधरा दिवसांची मुदत सुरू झाली. त्या मुदतीत काम दिले नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. तो होता दिवसाला किमान एक रुपया. रक्कम क्षुल्लक खरी. पण अर्जावरच्या त्या तारखेमुळे प्रथमच कचेरीला उशीर झाला हे निरक्षर मजुरालाही सिद्ध करता येणार होते.

१२/ टेंपल यांच्या काळात लांबचे काम ही गरजूपणाची परीक्षा होती. येथे काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत असावे, असा दंडक आला. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असावे, असे ठरले. स्त्री-पुरुषांना मजुरीचा दर एकच. नवऱ्याच्या नावाने नव्हे तर स्वतःच्या नावाने हजेरी लागणे आणि स्वतःच्या अंगठ्यावर पैसे मिळणे, हा अनेक स्त्रियांसाठी नवा अनुभव होता.

१३/ यंत्रणेची रचनाही पाहण्यासारखी आहे. मागणी नोंदवणे, काम नेमून देणे आणि पैशाचे नियंत्रण महसूल खात्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्याकडे. काम करून घेणे आणि मोजमाप पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन अशा खात्यांकडे. एकाने खर्च केला तर दुसऱ्याने पाहावे, हा हेतू. शिवाय विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून अधिकाऱ्यांना जाब विचारू लागली. हजेरीपट प्रत्यक्ष कामावर असावा, कोणालाही पाहता यावा, ही मजुरांच्या संघटनांची सततची मागणी राहिली.

१४/ पण कायदा चांगला म्हणून व्यवहार चांगला, असे इतिहासात सहसा घडत नाही. खोट्या नावांचे हजेरीपट निघाले. मापे कमी धरली गेली. मजुरी आठवडे आठवडे लांबली. बेकारी भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. नवे काम सुरू करायला किमान ५० मजूर हवेत, या अटीमुळे लहान वाड्यावस्त्या मागे पडल्या. सर्वांत सोपी पळवाट म्हणजे अर्जच न घेणे किंवा पोच न देणे. अर्जावर तारीख पडली नाही, की पंधरा दिवस कधी सुरूच होत नाहीत.

१५/ १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला आणली गेली. न्याय्यच निर्णय. मात्र त्यानंतर कामावरील उपस्थिती झपाट्याने घटली. मजूर कमी आले म्हणून, की कामेच कमी काढली गेली म्हणून? मागणी असूनही कामे आखडली गेली, असा अर्थशास्त्राच्या काही अभ्यासकांचा निष्कर्ष होता. हमी रद्द न करताही ती पातळ करता येते, हे यातून दिसले. त्यासाठी कलम बदलावे लागत नाही. कचेरीची खिडकी थोडी उशिरा उघडली तरी पुरते.

१६/ येरळा वडूजवरून पुढे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जाते. तेथे आणखी एक महत्त्वाचा प्रश्न विचारला गेला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि रोजगार हमीवरील मजूर मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. डॉ. भारत पाटणकर हे तिचे एक प्रमुख नेते. वर्षानुवर्षे खडीच का फोडायची? दुष्काळ हटेल अशी कामे का नाहीत, असे ते विचारू लागले. नदीतील वाळू बाहेरच्या ठेकेदारांनी नेऊ नये, तिच्या विक्रीतून लोकांनीच बंधारा बांधावा, या लढ्यातून येरळेवर बलवडी-तांदूळवाडी येथे बळीराजा धरण उभे राहिले. पाण्यात भूमिहीनांचाही वाटा असावा, हा त्यामागचा आग्रह होता.

१७/ सप्टेंबर २००५ मध्ये देशाचा ग्रामीण रोजगार हमी कायदा आला. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यातून त्याचा आरंभ झाला. कामाची मागणी, पंधरा दिवस, बेकारी भत्ता ही चौकट महाराष्ट्राच्या अनुभवातून आलेली होती. महाराष्ट्रातील उणिवांवरचा उतारा म्हणून त्यात दोन गोष्टी ठळकपणे आल्या: अर्जाची तारखेसह पोच आणि ग्रामसभेपुढे होणारे सामाजिक अंकेक्षण. हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचण्याची रीत राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनावण्यांनी रुजवली होती.

१८/ सामाजिक सुरक्षा देणारी यंत्रणा सुलभ आणि पारदर्शक आहे की नाही, हे तिच्या निधीच्या आकड्यावरून कळत नाही. चार साधे प्रश्न विचारावेत. अर्ज गावात देता येतो का? तारखेसह पोच मिळते का? उशीर झाल्यास यंत्रणेला काही भरावे लागते का? आणि हिशोब ज्याच्या नावे आहे, त्याला तो पाहता येतो का? रोजगार हमीच्या इतिहासात यश आणि अपयश दोन्ही या चार ठिकाणीच घडले.

१९/ तुमच्यापैकी जे नोकरीला लागले आहेत, त्यांनी पगारपत्रक उघडून पाहावे. व्यवसाय कराचे २०० रुपये दरमहा आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील. त्या ओळीचा उगम १९७५ च्या या गोष्टीत आहे. आणि सातारा-सांगलीच्या पूर्व भागात घर असेल तर आजीला विचारा, ‘रोजगार हमीवर तू कुठे होतीस?’ गावच्या पाझर तलावाकडे किंवा एखाद्या नालाबांधाकडे तिचे बोट जाईल. तो बांध कोणत्या साली झाला, मजुरी किती मिळाली आणि ती वेळेवर मिळाली का, एवढे लिहून ठेवा. वडूजच्या स्मारकावर नऊ हुतात्म्यांची स्मृती जपली आहे. हे बांध घालणाऱ्यांची नावे मात्र हजेरीपटांवरच राहिली.