पयोष्णीकाठचे दैवज्ञ आणि करणीचे स्थान

एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, म्हटले की इमादशाहीचे तख्त आणि १५९६ साली चांदबिबीने मोगलांना तोडून दिलेला वऱ्हाडचा सुभा एवढेच इतिहासाच्या वाचकाला आठवते. परंतु त्याच मुलखात पयोष्णीच्या तीरी दधिग्राम नावाच्या गावी एक दैवज्ञघराणे नांदत होते, आणि ज्या सरळ रेषेवर आज शाळेतली मुले धन, ऋण व अपरिमेय संख्या मांडतात तिच्या पूर्वेतिहासात या घराण्याचे स्थान मोलाचे आहे, हे खुद्द वऱ्हाडातही फार थोड्यांना ठाऊक असते.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात या कुळाची हकीकत दिली आहे. चिंतामणी हा ज्ञात मूळपुरुष. त्याचा पुत्र राम, ज्याच्या सल्ल्याने विदर्भाचा राजा वागत असे असे वंशज अभिमानाने लिहितात. त्याच कुळातील बल्लाळ पुढे काशीस जाऊन स्थायिक झाला. बल्लाळपुत्र रंगनाथाने १६०३ साली सूर्यसिद्धान्तावर टीका पुरी केली; रंगनाथाचा मुलगा मुनीश्वर लीलावतीचा टीकाकार झाला; आणि रंगनाथाचा बंधू कृष्ण दैवज्ञ, ज्याला जहांगीर बादशहाच्या दरबारी मान होता व ज्याने अब्दुर्रहीम खानखानाची जन्मपत्रिका आपल्या ग्रंथात उदाहरणादाखल सोडवली, त्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘बीजपल्लव’ ही टीका रचली.

ऋण संख्येला अर्थ काय, हा प्रश्न कृष्णाने टाळला नाही. ऋणत्व देशाने, कालाने व वस्तूने असे तीन प्रकारचे असते, असे सांगून तो देशाचे उदाहरण देतो: काशीपासून पूर्वेस पंधरा योजनांवर पाटणा व पश्चिमेस आठ योजनांवर प्रयाग असेल, तर पूर्व ही धन दिशा मानता पश्चिम ऋण ठरते, आणि दोहोंतील अंतर तेवीस योजने येते. मूळ बिंदू, एकमेकींस विरुद्ध दोन दिशा आणि अंतर हीच वजाबाकी, अशी संख्यारेषेची सर्व सामग्री येथे सिद्ध आहे. बीज अर्थातच भास्कराचार्यांचे: लीलावतीत दहा व सतरा भुजांच्या आणि नऊ भूमीच्या त्रिकोणात एक आबाधा, म्हणजे लंबाने पाडलेला भूमीचा एक खंड, ऋण सहा येते, तेव्हा ती भूमीच्या बाहेर उलट दिशेस घ्यावी असे ते सांगतात.

कृष्णाने ज्यावर टीका लिहिली त्या बीजगणितात करणीचेही प्रकरण आहे. ज्या राशीचे मूळ हवे असून ते निःशेष निघत नाही ती करणी. दोनाचे मूळ अपूर्णांकातही सापडत नाही, कारण संक्षिप्त अपूर्णांकाचा वर्ग केला तरी त्याचा छेद नाहीसा होत नाही. शुल्बसूत्रकारांनी ४०८ छेदाचा ५७७ हा अंश घेतला, तो फार जवळ जातो, पण किंचित अधिकच राहतो. असे असूनही दोन व आठ या करणींची बेरीज अठरा ही करणी होते, असे भास्कराचार्य निःशंक सांगतात. वाचकाने ती रेषेवर मांडून पाहावी: एक हात बाजूच्या चौरसाचा कर्ण व त्यापुढे दोन हात बाजूच्या चौरसाचा कर्ण एकाच ओळीत ठेवला, की बरोबर तीन हात बाजूच्या चौरसाचा कर्ण भरतो. म्हणजे ज्या ठिकाणी कोणताही अपूर्णांक पोहोचत नाही त्या ठिकाणी करणी निश्चितपणे उभी असते, आणि तिच्यापासून पुढचे अंतरही चोख मोजता येते.

तथापि कृष्णाने संख्यारेषा पूर्ण केली असे म्हणणे सत्याला सोडून होईल. अपूर्णांक कितीही दाट पेरले तरी रेषेत रिक्त स्थाने उरतात, आणि अपूर्णांकांचे डावा व उजवा असे दोन गट पाडणाऱ्या प्रत्येक विभाजनाला एक संख्या नेमून दिल्यानेच ती भरतात, ही गोष्ट जर्मनीच्या डेडेकिंडने १८७२ साली मांडली. ती मांडणी कृष्णाच्या ग्रंथात शोधू नये. दिशेचा विचार एका प्रकरणात व करणीचा दुसऱ्या, असे ते दोन्ही विचार त्याच्याकडे अलग राहिले. परंतु केवळ नियम पाठ न करता प्रत्येक नियमाची उपपत्ती मागणारी त्याची वृत्ती माझ्या मते त्याच्या कोणत्याही एका सिद्धान्ताहून थोर आहे.

बीजपल्लव पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३० साली छापून संस्कृतज्ञांच्या हाती दिला. आता अमरावती-अकोल्याच्या गणिताच्या अध्यापकांनी त्यातील धनर्णाचे व करणीचे प्रकरण तरी सुबोध मराठीत आणून आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.